‘पुन्हा ऐका’ म्हणणाऱ्या शरयूताई

वकिलीची नवी सनद घेऊन मी महाडच्या न्यायालयात आलो, तेव्हा अॅड. शरयूताई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. मी नमस्कार केला. “बसायला आलात की कामाला?” असे विचारून त्यांनी माझ्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. ताईंना स्वस्थ बसलेले मी क्वचितच पाहिले.

तो गठ्ठा कोंडीरामचा होता. पोलादपूरच्या डोंगरावरील वाडीतला हा म्हशी राखणारा माणूस. शेजाऱ्याच्या खुनाबद्दल सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली होती, तीही एकाच साक्षीवर. साक्षीदाराने म्हणे दिवेलागणीला ओढ्यापलीकडून त्याचे तोंड ओळखले. साठी उलटलेल्या ताई तो डोंगर चढल्या. मला ओढ्यापलीकडे उभे करून, तशाच दिवेलागणीला त्या अलीकडून ओरडल्या, “हात वर करा!” मी केव्हाचा हात वर धरून होतो.

उच्च न्यायालयात अपील सुनावणीला निघाले त्या दिवशी महामार्गावर दरड कोसळली. आमची एसटी माणगावपाशीच अडकली. आम्ही मुंबईत पोचलो, तोवर ताईंचे म्हणणे न ऐकताच अपील फेटाळले गेले होते.

ताईंनी फेरसुनावणीचा अर्ज केला, तर खंडपीठातील दोघांचे एकमत होईना. एक न्यायमूर्ती म्हणाले, सही झालेल्या निकालाला हात लावायचा तर कुठलाच निकाल अखेरचा राहणार नाही. दुसऱ्या न्यायमूर्ती म्हणाल्या, आरोपीची बाजू ऐकलीच नाही, त्याला मी निकाल म्हणणार नाही.

कोंडीरामची बायको भागाबाई बाहेर उभी होती. “ताई, दोन सायबांचा जमत नाय, तर आमच्या मानसाचा काय होनार?”

“तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जाईल. थांबावं लागेल.”

“कवरं?”

त्या काळात भागाबाई महाडला आली की ताईंच्याच घरी उतरे. ताई जेवता जेवता उठत, पुस्तक उघडत. “पहिल्या न्यायमूर्तींचं म्हणणंही चूक नाही हो,” त्या मला म्हणत, “तेच मला सुखानं घास घेऊ देत नाही.”

तिसऱ्या न्यायमूर्तींनी अर्ज मंजूर केला.

“सुटला?” भागाबाईने विचारले.

“नाही. आता ऐकतील.”

आणि खरेच ऐकले. ताई थोडेच बोलल्या, पंचनाम्यातले अंतर आणि ती वेळ, एवढेच. कोंडीराम निर्दोष सुटला.

वाडीवर आनंद झाला. ताई मात्र त्याच पावली मृत शेजाऱ्याच्या घरी गेल्या. त्याची म्हातारी आई उंबऱ्यात बसली होती. “मग माझ्या पोराला मारला कोनी?” तिने विचारले. ताई तिच्याशेजारी खाली बसल्या.

पुन्हा तपास व्हावा म्हणून ताईंनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. आज पंचाहत्तरीतही त्याची चौकशी करायला त्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतात. त्या माउलीला अजून उत्तर मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, ताईंचे पाय असेच ठणठणीत राहोत.