पहिला घास आणि स्टेलाअक्काचे गुडघे

स्टेलाअक्काचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि त्यातलं निम्मं दुखणं माझ्यामुळे आहे.

अक्का भुसावळची. निवृत्त नर्स. चर्चमध्ये दर रविवारी मिस्साची प्रार्थना संपली की मागच्या खोलीत नव्या लोकांना धर्मशिक्षण देते. त्या नव्यांमध्ये मी सगळ्यात जुना. दोन वर्षं नवाच होतो. तिनं मला धरून ठेवलं नसतं, तर आज मी ना डोंगराच्या देवाचा, ना येशूचा, नुसता केळीचा राहिलो असतो. म्हणून तिचं नाव आधी. मी काय केलं ते नंतर, कारण ते लिहायला धीर गोळा करावा लागतो.

मी मोतीराम. आमचा पाडा पिंपळनेरच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. शिक्षण सातवी, आणि सातवीसुद्धा पूर्ण नाही. हल्ली वरणगावजवळ केळीच्या शेडमध्ये फण्या धुतो आणि खोक्यात भरतो. गाव एसटीनं अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. स्वभाव घाबरट. गाडीची पाटी वाचतो, कंडक्टरला विचारतो, बसल्यावर शेजारच्यालाही विचारतो, आणि तरी गाडी सुटेपर्यंत एक पाय खाली जायच्या तयारीत असतो. धर्माच्या बाबतीतही माझं असंच चाललं होतं.

सुरुवात झाली मिशनच्या बोर्डिंगात. तिथल्या सिस्टर मायेच्या, जेवण वेळेवर, प्रार्थना पाठ. मला वाटलं, आपली जागा हीच. मग मार्गशीर्ष आला. आमच्याकडे त्या महिन्यात डोंगऱ्यादेवाचं व्रत असतं. पुरुष घर सोडून राहतात, अनवाणी फिरतात, पावरीच्या सुरावर गोल धरून नाचतात. पावरीचा आवाज बोर्डिंगच्या भिंतीवरून आत आला आणि मी भिंतीवरून बाहेर गेलो. सातवी तिथंच राहिली.

आमचे आबा पाड्याचे भगत. देव कुणाच्या अंगात आला, कोणता आला, त्याला काय हवं, हे ते विचारणार. मी पहिल्यांदा गोलात उतरलो तेव्हा माझी छाती फुगली होती. भर दुपार, धूळ, पावरी, सगळे घुमायला लागले. डावीकडचा थरथरला, उजवीकडचा थरथरला. माझ्या अंगात कुणी येईना. अर्धा तास वाट पाहिली. भगताचा मुलगा आणि देव फिरकत नाही, म्हणजे आबांची काय शोभा? शेवटी मी आपल्या मनानंच थरथरलो. (चांगला थरथरलो. पाहणाऱ्यांनी नंतर मान्य केलं.)

आबा समोर आले. "कोन ऊना रे आंगमा?"

देवानं काहीतरी बोलायला हवं. मला पाठ होतं ते एकच. डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू झालो, "हे आमच्या स्वर्गीय पित्या..."

पावरी थांबली. आता गप्प बसणं जास्त वाईट, म्हणून मी पुढे म्हणत गेलो. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथं पोचलो तर गर्दीतली एक म्हातारी उठली. "देव भाकर मागस," म्हणाली आणि घरात जाऊन नागलीची भाकर घेऊन आली. मी ती खाल्ली. खरंच भूक लागली होती. आबा पुढच्या माणसाकडे वळले. घरी गेल्यावर एवढंच म्हणाले, "देवनी भाकर बठ्ठी खादी. तुकडा भी ठेवा नही."

त्यानंतर माझी फेरी सुरू झाली. चर्चमध्ये गेलो की डोंगर आठवायचा, डोंगरावर गेलो की चर्चमधलं गाणं आठवायचं. तबल्यावर भजन सुरू झालं की बाकाखाली माझे पाय गोलात नाचल्यासारखे पडायचे. बाकावरचे लोक सरकून बसायचे. मग आई गेली. कामासाठी मी वरणगावला आलो, आणि एका रविवारी कुणी ओळखीचं नव्हतं म्हणून भुसावळच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पुढचे काही रविवारही तिथंच बसलो. मग एकदा बाहेर निघताना अक्कानं हटकलं.

"क्या रे, रोज पीछे बैठता है. चप्पल संभाळायला येतो काय?"

माझी सगळी हकीकत तिनं ऐकून घेतली. बोर्डिंग, पावरी, भाकर, सगळं. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "देख, तू घाबरट है, पण खोटा नाही. मला असलेच आवडतात." मला आजपर्यंत कुणी असलेच आवडतात म्हटलं नव्हतं.

दोन वर्षं शिकलो. तीन वेळा बाप्तिस्म्याचा दिवस ठरला, तीन वेळा मला ताप आला. चौथ्यांदा अक्का थर्मामीटर घेऊन खोलीवर आली. ताप नव्हता.

आबांना फोन केला. सांगितलं, बाप्तिस्मा घेतोय, नवं नाव जोसेफ मिळेल. आबांनी आधी नावाचंच विचारलं.

"मोतीराम काय मरी गया का?"

"नाही आबा. मोतीराम आहेच."

"मी येस देखाले. तठे काही खावाव नही, पिवाव नही. पन एक सांगी ठेवस. तठे जाईसन आपला गयेल मानससले तू ईसरना, ते पाड्यावर परत येवानं नही."

झालं. गेलेल्या माणसांना विसरलो तर पाडा बंद. चर्च मिळवायला जावं तर घर जायचं, घर धरावं तर चर्च. त्या आठवड्यात मी केळीच्या एकाच खोक्याला दोनदा लेबल लावत होतो.

रविवारी सकाळी आबा आले. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी. शेवटच्या बाकावर ताठ बसले, चप्पल काढून, हात मांडीवर. माझ्या मागे धर्ममाता म्हणून अक्का उभी. फादर वसईकडचे, तरुण, बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. डोक्यावर पाणी ओतलं गेलं आणि मी जोसेफ झालो. मागे वळून पाहिलं. आबा बसलेले होते. इथपर्यंत सगळं नीट होतं, आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग पहिला ख्रिस्तप्रसाद. फादरांनी पांढरी, पातळ, गोल भाकर माझ्या तळहातावर ठेवली.

"ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन," मी म्हणालो.

अक्कानं दोन वर्षं शिकवलं होतं, हात कसा धरायचा, आमेन केव्हा म्हणायचं. पण आमच्या पाड्यावर माणूस जेवायला बसला की पहिला घास जमिनीवर ठेवतो, गेलेल्या माणसांसाठी. आई गेल्यापासून मी तो तिच्या नावानं ठेवायचो. डब्यातला, हॉटेलातला, शेडमध्ये उभ्यानं खाल्लेल्या वडापावचासुद्धा. हाताला ते सांगावं लागत नाही. माझ्या हातानं ती भाकर मोडली, अर्धा तुकडा खाली वाकून फरशीवर ठेवला, आणि मी मनात म्हणालो, आई, घे.

उभा राहून पाहिलं. पेटीवाल्याचा भाता अर्ध्यावर उघडा राहिला होता. फादरांचा चेहरा हातातल्या भाकरीसारखा पांढरा. तेव्हा मला कळलं, मी देवाला फरशीवर ठेवलंय.

मी अर्धा तुकडा हातात घेऊन तसाच. खाऊ की नको, पळू की नको. बाकांवरून कुजबुज सुरू झाली. समोरच्या रांगेतली बाई छातीवर क्रूस काढायला लागली. मी दाराकडे पाहिलं. पळून जायचा अनुभव माझ्याकडे होताच.

तेवढ्यात अक्का पुढे आली. वय सदुसष्ट, वजन भरपूर. डॉक्टरांनी गुडघे टेकायला तिला साफ मना केलेलं, म्हणून मिस्सातही ती खुर्चीवर बसते. तीच अक्का माझ्यासमोर दोन्ही गुडघ्यांवर बसली. आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. तिनं तो तुकडा दोन बोटांनी उचलला, तोंडात घातला, रुमालानं फरशी पुसली, आणि मान वर करून म्हणाली, "बच्चा, तेरे हाथवाला तू खा. तेरी माँ का हिस्सा मैंने खा लिया."

मी खाल्ला. रडत खाल्ला, त्यामुळे चव सांगता येणार नाही.

अक्काला मात्र उठता येईना. मी एका बाजूनं धरलं, फादरांनी दुसऱ्या बाजूनं. दोघांनी ओढलं, तसे आम्हीच वाकलो. "रुको, रुको, मैं पेड़ हूँ क्या, उखाड़ते हो?" अक्का म्हणाली. मग मागून अनवाणी पावलं आली. आबा. जे सकाळपासून शेवटच्या बाकावरून हलले नव्हते, ते वेदीपुढे उभे. घोंगडी खाली ठेवली, अक्काच्या काखेत हात घातला आणि बैलगाडीचं चाक चिखलातून काढावं तसं एका झटक्यात तिला उभं केलं.

मग फादरांकडे वळले. मी पुन्हा दाराकडे पाहिलं. दोन्हीकडून हाकलला जाणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आता होणार होतो.

"बाबा," आबा म्हणाले, "पहिला घास गयेल मानससना ऱ्हास. त्येनी माय भी त्यामा शे. मना आंडोर चुकना नही. तुम्हीनच त्याले सांग नही." आंडोर म्हणजे मुलगा; सगळ्या चर्चसमोर मी अजून त्यांचाच होतो.

फादर आधी आबांकडे वळले. मग माझ्याकडे. "खरं आहे, हे आम्ही शिकवलं नाही," ते म्हणाले. "आम्हीही मिस्सामध्ये गेलेल्यांची आठवण करतो. जोसेफ, आईचं नाव काय?"

"सोनकीबाई."

शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांनी ते नाव घेतलं. भुसावळच्या चर्चमध्ये, माईकवर, आमच्या पाड्याची सोनकीबाई. आबांनी टोपी काढली. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि माझी छाती इतकी भरून आली की नव्या शर्टाचं वरचं बटण गेलं. (शर्ट शेडमधल्या मित्राचा होता.)

बाहेर झाडाखाली अक्का खुर्चीवर बसली, गुडघ्यांना बाम लावून. आबा तिच्यापुढे गेले आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. अक्का दचकली.

"ये क्या करता है बाबा? मैं तुमसे छोटी हूँ."

"पूर्वजसना घास जिनी खादा, ती आमनी पूर्वज," आबा शांतपणे म्हणाले. भगताचा निवाडा, त्यावर अपील नाही.

"अरे, पर मैं जिंदा हूँ."

"त्ये काही आडी नही येत," आबा म्हणाले. "मार्गशीर्षमा डोंगऱ्यादेवले यानं. मोतीराम बी यी. जोसेफ बी यी. दोन्ही आनजो." मग चर्चमधला चहा त्यांनी बशीत ओतून घेतला, दोनदा.

अशी आमच्या घरात एक जिवंत पूर्वज आली. आता पाड्यावरून फोन आला की आबा माझी चौकशी करत नाहीत, आधी अक्काचे गुडघे विचारतात. अक्कालाही डोंगर पाहायचाय. पण वाट चढणीची, गाडी जात नाही, आणि ज्या गुडघ्यांवर ती चढली असती ते माझ्यापायी फरशीवर टेकले गेले.

म्हणून मी तिला शब्द दिलाय. कधीतरी एका मार्गशीर्षात मी तिला पाठीवर घेऊन डोंगर चढणार, पायथ्यापासून देवाच्या गुहेपर्यंत, मध्ये कुठंही खाली न ठेवता. तयारी म्हणून रोज शेडमध्ये भरलेली खोकी पाठीवर घेऊन फेऱ्या मारतो. किती खोक्यांची अक्का होते, ते विचारायचं धाडस तेवढं अजून झालेलं नाही.