पहिल्या रविवारचा तास

आकाराम आण्णा आमच्या वकीलसाहेबांकडं आले तेव्हा मीच तोंड वाकडं केलं होतं. नातीला भेटायला कोर्टाची पायरी चढणारा म्हातारा मी तोवर बघितला नव्हता. साल पंचाहत्तर. मी वकिलांचा कारकून गुंडू, अर्ज मलाच लिहायचा होता.

आण्णा मंगळवार पेठेतले. रोज संध्याकाळी म्हैस घेऊन गंगावेशीच्या चौकात उभं राहायचं आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून गिलास भरून द्यायचा, हाच जन्मभराचा धंदा. पहिला गिलास नात नंदिनीचा. मग त्यांचा मुलगा कृष्णात दारू पिऊन बायकोला मारायला लागला. सून पोरीला घेऊन वारणानगरला माहेरी गेली. तिचे वडील तिथं साखर कारखान्यात होते. ती गेली ते बरंच केलं, असं आण्णा कोर्टात शपथेवर बोलले, पोटचा पोरगा समोर बसलेला असताना. पण नात तुटली ती तुटलीच. आण्णांची बायको बाळाबाई, अंगावरनं वारं गेल्यामुळं अंथरुणाला खिळलेली. ती रोज विचारायची, पोरगी कधी दिसायची?

दीड वर्षानं ऑर्डर निघाली. महिन्याचा पहिला रविवार, दहा ते अकरा, सुनेच्या माहेरी, वकिलांचा माणूस हजर पाहिजे. तो माणूस मी. आदल्या दिवशी निघताना बाळाबाईनं आण्णांना जवळ बोलावलं.

"नीट बघून या. माझ्या वाटणीचंबी बघा."

आता ह्या बाबानं काय करावं? सरळ एस.टी.त बसायचं सोडून शनिवारी सकाळीच म्हैस घेऊन चालत निघाला. वाटेत वाठारला पावण्यांकडं मुक्काम टाकला. का, तर नंदिनीला धारोष्ण दूध पाजायचं. रविवारी मी कारखान्याच्या कॉलनीत पोचलो, तर सुनेच्या दारात खांबाला म्हैस बांधलेली. मी कपाळावर हात मारला.

दहाला सून पोरीला घेऊन बाहेर आली. सून वाईट नव्हती हो, सासऱ्याच्या पाया पडली, चहा आणून ठेवला. आण्णांनी नंदिनीच्या हातात गिलास दिला, थांब हं बाळ म्हणाले आणि म्हशीखाली बसले.

म्हशीनं पान्हा चोरला. जागा नवी, पाय दुखावलेले, रेडकू तिकडं पेठेत राहिलेलं. ती तरी काय करणार? आण्णांनी पेंड चारली, पाठ थोपटली, कासेला गरम पाणी लावलं. मी दोनदा म्हटलं, आण्णा, राहू दे दूध, पोरीला जवळ घ्या. झालंच की, आता सोडती, म्हणाले. चहावर साय धरली. मला राग येत होता. पोरगी बराच वेळ त्यांच्या पाठीमागं उभी राहिली, मग कंटाळून उंबऱ्यावर बसली.

अकरा वाजले. सून म्हणाली, बसू द्या की थोडा वेळ. तिचे वडील म्हणाले, कोर्टानं अकरा लिहिलंय. नंदिनीला आत नेलं आणि दार लागलं. कोरडा गिलास उंबऱ्यावर राहिला. तो आण्णांनी उचलून पिशवीत टाकला.

कॉलनीच्या वळणावर आण्णा दावं धरून उभे राहिले.

"गुंडू, पोरगी कुणागत दिसाय लागलीया रं? म्या तर धड बघितलीच न्हाई."

मग मीही एस.टी. सोडली आणि त्यांच्याबरोबर चालत निघालो. वाटभर सांगत होतो. पुढचा एक दात पडलाय. हनुवटी बाळाबाईची. दोन वेण्या, लाल रिबिनी. आण्णा परत परत विचारायचे आणि ओठातल्या ओठात घोकायचे.

दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर त्यांनी बाळाबाईच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, दात, हनुवटी, रिबिनी. एकही गोष्ट चुकली नाही. बाळाबाईनं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हसली का वो?"

हे मी सांगितलं नव्हतं. पोरगी हसलीच नव्हती. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"हसली की," आण्णा म्हणाले.

पुढचा पहिला रविवार यायच्या आत बाळाबाई गेली.