दुभाषी सिस्टर

भद्रावतीच्या एका दवाखान्यात करिश्मा मडावी नर्स होती. एका दुपारी एक बाई घरकामाच्या पोरीचा भाजलेला हात दाखवायला आली. करिश्मा पोरीला विचारायची आणि उत्तर मालकीणच द्यायची. ताज्या जखमेशेजारी जुने डागही होते. ड्रेसिंगच्या निमित्तानं करिश्मानं पोरीला एकटीला आत नेलं आणि दार लोटलं.

"घरी कधी जाते, जानो?"

"नाई जात. बाई म्हणतात, तुही माय मेली."

करिश्मानं मालकिणीला बाहेरच बसवून ठेवलं. डॉक्टरांना सांगून तिनं जानोला भरती करून घेतलं आणि चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावला. संध्याकाळी पोलीस आले.

शाळेत घालतो म्हणून ओळखीच्याच माणसानं जानोला लहानपणी गावातून नेलं होतं. शोधता शोधता एटापल्लीकडच्या एका टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत, तिची आई बुधरी सापडली, जिवंत. बुधरीला मराठी येत नव्हती आणि करिश्मा गोंडी बोलायची, म्हणून भेटीला तिलाही सोबत नेलं.

बुधरी लेकीचं तोंड कुरवाळत सारखी बोलत होती. जानो गोंधळून करिश्माकडे वळली.

"ताई, ही काय म्हणून राह्यली?"

आईची भाषा पोरीच्या तोंडातून केव्हाच गेली होती, हे करिश्माला तेव्हा कळलं.

"इचारते, मी आठवते का तुले?"

जानो त्या अनोळखी चेहऱ्याकडे बघत राहिली.

"आठवते म्हणून सांगा," ती हळूच म्हणाली. "बिचारी खूप रडून राह्यली."

करिश्मानं गोंडीत तसंच सांगितलं.