मोटारीच्या खोलीतली बाळंतीण

आमच्या दिरांना दुसऱ्याच्या दुःखाचा फार कळवळा. दुःख जितकं लांबचं, तितका कळवळा मोठा.

त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, अमेरिकेत घर घेतलं. जुनं घर, कागदही जुने. त्यात एक ओळ होती, ती त्यानं फोनवर मराठीत सांगितली: या घरात गोऱ्यांशिवाय कुणी राहायचं नाही, घरकामाचा नोकर असला तर चालेल. आता कायद्यानं तसं चालत नाही, पण कागदावर ते तसंच राहिलंय म्हणे. आपल्याकडच्या लोकांनाही तिथं एके काळी नागरिक करून घेत नव्हते, असंही म्हणाला.

दिरांनी हे आमच्या सांगवी गावभर केलं. ओसरीवर चार माणसं जमवून मोबाइलमधला त्या कागदाचा फोटो दाखवला. इंग्रजी त्यांनाही येत नाही. "नोकर चालतो, माणूस चालत न्हाय. काळीज हाय का दगूड?" असं ते म्हणत होते आणि मी दुसऱ्यांदा चहा ठेवत होते. मालक गेल्यापासून मी दिरांच्याच घरात आहे. मला बोलणं जमत नाही, चहा जमतो.

तेवढ्यात अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. आमचा ऊस तोडायला बीडकडची टोळी आली होती, इंदापूरकडचा फड संपवून. ही त्यांतलीच. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं लेकरू छातीशी धरलं होतं.

"दादा, पाटाचं पाणी आमच्या पाचटाच्या कोपीत शिरलंय. खाली सगळी वल हाय. लेकरू आठ दिसांचं हाय. हिरीवरची मोटारीची खोली रिकामीच हाय. ऊस संपस्तोवर द्या."

"ह्यांना एकदा आत घेतलं की निघत न्हाईत," दीर तिच्याकडं न बघता म्हणाले.

"आन् हाताची चोरटी," ओसरीवरचे एक आबा म्हणाले. "आज हितं, उद्या तितं. ना गाव, ना शीव."

बाई हलली नाही. माघाची थंडी होती आणि लेकरू शिंकत होतं.

आमचा गडी चार दिवसांपूर्वी गावी गेला तो परतलाच नव्हता. चार म्हशींचा गोठा तुंबला होता. ते दिरांना आठवलं असावं. "बरं, गोठ्यातलं शेण काढणार असलीस तर ऱ्हा. मग हरकत न्हाय."

कुणालाच काही वाटलं नाही. तो फोटो अजून आबांच्या हातात होता. मी चौथी शिकलेली, पण अमेरिकेतली ती ओळ मला तिथंच नीट कळली. कळूनही तोंड उघडलं नाही. माझी लायकीही तेवढीच.

याच घरातली सून बारामतीला बाळंत झाली, तेव्हा सव्वा महिना तिला तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. आठ दिवसांच्या बाळंतिणीनं शेणाची पाटी कशी उचलायची?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मीच गोठ्यात गेले. शेण काढलं, मूत धुतलं, उकिरड्यावर पाट्या टाकल्या. बाई फडकं बांधून आली, तोवर सगळं झालं होतं.

"मावशी, म्या काडते की."

"काढलंय. लेकराला घे."

ऊस संपेपर्यंत बारा दिवस असंच चाललं. दीर उन्हं वर आल्यावर उठायचे, गोठ्यावरून नजर फिरवायचे आणि ओसरीवर सांगायचे, "जरा धाकात ठिवलं की ही माणसं कामाची असत्यात. गोठा बघा, आरशावानी." बारा वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेल्या माणसाला घरातला हात ओळखू येत नाही.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी दीर मला म्हणाले, "वहिनी, तिला म्हणावं, हितंच ऱ्हा. खोली तुझीच समज."

मी निरोप दिला. बाई हसली. सकाळी लेकराला घेऊन ट्रॅक्टरवर बसली आणि पुढच्या गावाला गेली.

दोन दिवसांत गोठा पुन्हा तुंबला. नाकाला धोतराचा सोगा लावून दीर दारात उभे होते. "बघा वहिनी, छप्पर दिलं तरी गेली. ह्या लोकांना उपकाराची जाणच न्हाय."

"व्हय, भाऊजी," मी म्हणाले आणि खराटा त्यांच्या पायाशी टेकवून स्वयंपाकाला गेले.