धवलेरीचा शब्द अडला तेव्हा

माझा आवाज मुळातच चढा, त्यात स्वभाव तापट, म्हणून मी नर्स शोभते असं आमच्या घरचे म्हणतात. राहते डहाणू रोडला, नोकरी तलासरी तालुक्यात, झरीच्या बाजूच्या पाड्यांवर. गेली काही वर्षं मी एकच गोष्ट लोकांच्या कानीकपाळी ओरडत होते. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तो लकवा समजा, मेंदूचं रक्त अडलंय. घड्याळ बघा आणि माणसाला तडक मोठ्या दवाखान्यात न्या. मी हसायला सांगितलं की बायका खदाखदा हसायच्या, हात वर म्हटलं की दोन्ही हात वर. माझी पाठ वळली की विसरून जायच्या, आणि मी गाडीवर घरी येईपर्यंत चरफडत राहायचे.

माझ्या कामाच्या एका पाड्यावर एक धवलेरी आहे. वारल्यांचं लग्न तिच्याशिवाय लागत नाही. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्याच्यासमोर बसून ती देवांची गाणी म्हणते, तासन्‌तास. वही नाही, कागद नाही, बाईला अक्षरओळखही नाही. सगळं डोक्यात, ओळीमागून ओळ. मागं साथ करणाऱ्या दोघी असतात, पण तिनं उचलून दिल्याशिवाय त्यांना पुढचं सुचत नाही. तिला बीपी. मी गोळ्या द्यायचे, ती चार दिवस घ्यायची आणि सोडून द्यायची. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, हा तिचा सवाल. मी तावातावानं भांडायचे, ती तंबाखू मळत ऐकून घ्यायची.

परवाच्या उन्हाळ्यात तिच्याच नात्यातलं लग्न होतं. मलाही आग्रहाचं बोलावणं, म्हणून सुट्टी टाकून, चांगली साडी नेसून गेले. सकाळपासून ताडी फिरत होती, चौक अर्धा लिहून झाला होता, आणि धवलेरीचा सूर असा लागला होता की मी गप्प बसले होते, म्हणजे बघा. तेवढ्यात नवरदेवाकडच्या टेम्पोवाल्याचा मला फोन आला. रस्ता विचारायला त्याला माझाच नंबर दिलेला. हायवेवरून कुठं वळायचं, विचारत होता. मी त्याला वळण सांगत असतानाच गाणं थांबलं. फोन ठेवून बघते तर धवलेरी एकाच शब्दावर अडकली होती. तोच शब्द पुन्हा पुन्हा, तोही बोबडा. कुणीतरी म्हणालं, धवलेरीला चढली. झालं, सगळा मांडव हसायला लागला. एकीनं तिला चटईवर आडवं करायला घेतलं, झोपली की उतरेल म्हणून.

आणि मी? मीपण हसले. लपवून काय करू. लोकांना हात वर करायला लावणारी मी, तोंडाला पदर लावून पोटभर हसले.

मग धवलेरीही हसली. सगळे हसतायत म्हणून तीही हसली, आणि तिचं अर्धंच तोंड हसलं. डावा गाल वर गेला, उजवा जागचा हलला नाही. मी धावत जाऊन तिचे दोन्ही हात वर धरले आणि सोडले. उजवा धपकन मांडीवर पडला. कुणी तांब्या घेऊन पाणी पाजायला आलं, त्याच्या हातातून मी तांब्या हिसकावला, लकव्यात पाणी श्वासनळीत जातं म्हणून. अशी ओरडले की बाहेरची वाजंत्री बंद पडली.

तेवढ्यात तोच टेम्पो दारात आला. वऱ्हाडाला उतरायलाही धड वेळ दिला नाही, धवलेरीला कुशीवर निजवलं, तिच्या मुलीला चढवलं आणि हायवेनं थेट गुजरातेत, वापीला. मेंदूचं स्कॅन करणारा माझ्या ओळखीतला जवळचा दवाखाना तिथंच. वाटेतच दवाखान्याला फोन लावला. टेम्पोवाला असा सुटला की ट्रकवाले शिव्या घालत होते आणि मी त्यांना परत घालत होते. धवलेरी माझा पदर डाव्या हातानं घट्ट धरून होती. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि तिला शब्द सापडत नव्हते. ज्या बाईच्या डोक्यात अख्ख्या पाड्याची लग्नं, तिला साधं पाणी म्हणता येईना. सगळं असंच गेलं तर, या विचारानं मला रडू फुटलं.

डॉक्टरांनी गुजरातीत पहिला प्रश्न केला, "क्यारे चालू थयुं?" कधी सुरू झालं, यावरच रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरणार होतं, उशीर झाला तर ते देता येत नाही. मुलीला वेळ सांगता येईना. मी फोन काढला. टेम्पोवाल्याचा कॉल अकरा वाजून वीस मिनिटांचा. तेव्हाच गाणं थांबलं, मी छातीठोक सांगितलं. स्कॅन झालं, इंजेक्शन गेलं. दिवस मावळायच्या आत तिनं मुलीला नावानं हाक मारली, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात अक्षरशः नाचले. वॉचमन बघत होता, बघू दे.

उजवा हात अजून थोडा जड आहे. तंबाखू सुटली, गोळी सुटत नाही. दिवाळीनंतर ती पुन्हा पहिल्या लग्नाला बसली तेव्हा मी मुद्दाम गेले. गाणं सुरू करण्याआधी तिनं मांडवातल्या सगळ्यांना गप्प केलं. मला वाटलं, माझं कौतुक करणार. मी पदर सावरून बसले.

ती म्हणाली, "त्या दिशी मला समदा दिसत होता. तुमी हसत होते. मी आत ओरडत होते, पण शब्द भाहेर येत नव्हता."

मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ही नर्सबाय पन हसली. पन हिनं हसता हसता माझे तोंडाकडं बघितला. तुमी पन बघा."

माझी मान खाली गेली. तिनं घसा खाकरला, चौकाकडे तोंड केलं आणि गायला लागली, आणि मांडवातली एकूणएक माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.