नवे ब्रेक आणि डावा हात

नवरा गेल्यावर काही आठवड्यांनी त्याने मागवलेले ब्रेक घरी आले. दोन जड खोकी. कुरिअरवाल्याने त्याच्या नावापुढे सही मागितली, मी करून टाकली.

त्याची गाडी लाल, टर्बोची, लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या शांत गल्लीला मुळीच न शोभणारी. हा हाडांचा सर्जन. आठवडाभर अपघातात मोडलेली माणसं जोडायचा आणि रविवारी स्वतः सुसाट सुटायचा. "पळते झकास, पण थांबायच्या नावाने बोंब," असं तो गाडीबद्दल कौतुकाने म्हणायचा. लेकीने गाडी मागितली तेव्हा त्याने कबूल केलं होतं, मोठे ब्रेक बसले की गाडी तुझी. त्यानंतर लवकरच तो हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये हार्ट अटॅकने गेला. आता लेकीला ती गाडी घेऊन शेफील्डला युनिव्हर्सिटीत जायचं होतं आणि मला ती विकून टाकायची होती. घरातलं एक माणूस गेलं होतं, तेवढं पुरे होतं.

मी भूल देणारी डॉक्टर. त्या दिवसांत मलाच कोणीतरी भूल दिली होती आणि उठवायला विसरलं होतं. रडू येत नव्हतं. मैत्रिणी डबे घेऊन यायच्या, माझ्या डोळ्यांकडे आशेने बघायच्या, आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. खोकी बघून एकजण म्हणाली, "अगं, वर्षाच्या आत नवीन वस्तू घेऊ नये घरात."

"ब्रेक आहेत ते, पाटल्या नव्हेत," मी म्हणाले.

खरं तर तिच्या त्या बोलण्यावर चिडूनच मी हाउन्सलोच्या एका गॅरेजमध्ये ब्रेक बसवून घेतले. मेकॅनिकने किल्ली देताना बजावलं, ब्रेकचे नवे पॅड लगेच नीट धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायच्या आत पुन्हा वेग घ्यायचा. असं बरेचदा केलं की ते चाकातल्या डिस्कवर नीट बसतात.

"आय कॅन डू दॅट, आई," लेक म्हणाली. "तू फक्त बाजूला बस. यू स्टिल डोन्ट लाइक इट, तर मग सेल कर."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी डावीकडच्या सीटवर बसले, ती नेहमीच माझी होती. नवऱ्याला एक खोड होती. जोरात ब्रेक मारला की त्याचा डावा हात माझ्यासमोर आडवा यायचा. पुण्यात काकांच्या गाडीवर शिकला तेव्हा सीटबेल्ट नव्हते. इथे आल्यावर बेल्ट आले, त्यांचा कायदा आला, तरी हात यायचाच. एकदा माझा चष्मा उडाला. "बेल्ट आहे मला, हात स्टिअरिंगवर ठेव," असं मी वर्षानुवर्षं ओरडत आले.

लेक सगळं सांगितल्याबरहुकूम करत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर. प्रत्येक वेळी मी पुढे जायचे, बेल्ट मला धरायचा. समोर कोणाचाच हात येत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हाही मला काहीच वाटलं नाही. घरी पोचल्यावर गाडीची जाहिरात द्यायची, एवढंच डोक्यात होतं.

परत येताना एका वळणावर बाजूच्या गल्लीतून व्हॅन अचानक आडवी आली. लेकीने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि तिचा डावा हात माझ्या छातीवर आडवा येऊन आदळला.

"हात स्टिअरिंगवर ठेव!" मी सवयीने ओरडले, आणि ओरडता ओरडताच मला रडू फुटलं.

"सॉरी आई, आय डोन्ट नो व्हाय आय डिड दॅट," ती म्हणाली. मी तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. व्हॅन निघून गेली. मागे हॉर्न वाजायला लागले. वाजू देत म्हटलं.

बऱ्याच वेळाने मीच तिचा हात सोडला.

"गिअर टाक," मी म्हणाले. "तुझी गाडी आहे."