दोन डोळ्यांचं काम

भीमसेन घाटगे हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये क्रेन ड्रायव्हर होता. मी त्याच्या क्रेनखाली खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार. बॉयलरला साखळी मी बांधायची, मी हात वर केला की त्याने उचलायचं. हात वर झाल्याशिवाय क्रेन हलत नाही, हा नियम. अकरा वर्षं असं चाललं.

रविवारी तो कमरीपेठेतल्या घरी दुसरं काम करायचा. देशपांडे नगरातल्या शेषगिरी डॉक्टरांकडे दोन भिंगांचा कॅमेरा होता. एका वेळी दोन फोटो निघायचे, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या. फिल्म मुंबईहून धुऊन यायची ती अख्खी पट्टी. जोडीतले दोन फोटो पट्टीवर शेजारी नसतात, मध्ये दुसऱ्या जोड्यांचे दोन असतात. ते हुडकून कापायचे, धूळ झाडायची, दोन काचांमध्ये एका पातळीत बसवायचे, कडेला चिकटपट्टी लावायची. मग दुर्बिणीसारख्या डबीतून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की माणूस भिंतीपासून सुटा उभा दिसतो. डावं-उजवं बदललं तर भिंत माणसाच्या पुढे येते. एका स्लाइडला वीस मिनिटं लागतात. घाई केली तर चाळीस, कारण पुन्हा करावी लागते. भीमसेनची एकही स्लाइड कधी परत आली नव्हती.

१९६३ च्या उन्हाळ्यात सहा परत आल्या. पाहताना डोळे ओढतात, असा निरोप होता. त्याने सगळ्या उघडून पुन्हा लावल्या. त्याही परत आल्या, आणि सोबत चिठ्ठी: भीमसेनने एकदा येऊन डोळे दाखवावेत.

तो गेला नाही. त्याने मला घरी बोलावलं आणि डबी हातात दिली. आत डॉक्टरांची मुलगी पेरूच्या झाडाखाली उभी होती.

"पुढं काय दिसतंय?"

"फांदी. पोरीच्या हातभर पुढं."

त्याने डबी घेतली आणि बराच वेळ पाहिलं. मग एक डोळा झाकून, मग दुसरा. स्वयंपाकघरात त्याची बायको कमल होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलला.

"उजव्यानं नुसतं पांढरं दिसतंय. दिवाळीपासून तसंच आहे. मला वाटलं चष्म्याची काच खराब झाली."

"आणि क्रेन?"

"अकरा वर्षांचा हात आहे की माझा."

वर्कशॉपची डोळेतपासणी दोन महिन्यांवर होती. त्यात नापास झाला तर ड्रायव्हरची जागा जाणार होती. त्या जागेसाठी त्याने नऊ वर्षं खाली साखळ्या ओढल्या होत्या.

सोमवारी बॉयलर खाली घेताना, तो ज्यावर टेकवायचा त्या ठोकळ्यावरचा हात मी आधीच काढला. एरवी बॉयलर वीतभर वर थांबायचा, मग बोटाबोटाने उतरायचा. त्या दिवशी थांबलाच नाही. सागवानी ठोकळा उभा चिरला. माझ्याशिवाय आणखी तिघं तिथे वाकलेले होते. त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी काही बोललो नाही.

पुढचे चार दिवस रोज चहाच्या सुट्टीत मी त्याला डॉक्टरांकडे जा म्हणून सांगत होतो. तो हसण्यावारी न्यायचा. शेवटी म्हणाला, "खालच्यानं वरच्याला शिकवू नये रे."

शनिवारी मी साखळी बांधली, ओढून पाहिली, आणि हात वर केला नाही. फोरमन कानडीत ओरडला, "एत्तु, एत्तु!" उचल म्हणून. मी म्हटलं, साखळी बरोबर वाटत नाही. त्याने स्वतः तपासली. ती बरोबर होती. मला खुळा म्हणून तो पुन्हा ओरडला. तिघं माझ्याकडे पाहत होते. भीमसेन वरून पाहत होता. मी हात मांडीला लावून उभा राहिलो.

दहा मिनिटं गेली असतील. मग तो शिडीवरून उतरू लागला, प्रत्येक पायरी पायाने चाचपत.

"साहेब, मला एका डोळ्यानं दिसत नाही," तो फोरमनला म्हणाला. "दुसरा ड्रायव्हर बसवा."

डॉक्टरांनी ओळखीच्या सर्जनकडून मोतीबिंदू काढवला. चष्म्याला जाड काच आली, पण दोन डोळ्यांची चित्रं पुन्हा एकत्र आली नाहीत. तरी स्लाइडा त्याने सोडल्या नाहीत. तो कापून लावायचा, कमलवहिनी डबीतून पाहून वर, खाली सांगायच्या. एका स्लाइडला आता तास लागायचा.

वर्कशॉपमध्ये त्याला हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. दोन वर्षं मी त्या खिडकीवर जाऊन पाना मागायचो. तो पाना काढून फळीवर ठेवायचा आणि वहीत माझा नंबर लिहायचा. नाव घेऊन हाक पुन्हा कधी मारली नाही.